गोव्याच्या हवेत वेस्टर्न ब्लॉट: शिनाण्याच्या कल्ल्यापासून बँडपर्यंत

वेस्टर्न ब्लॉटमध्ये ऊतकातली प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या कागदासारख्या पडद्यावर उतरवतात आणि हवं ते प्रथिन त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने शोधतात; सापडलं की पट्टा, म्हणजे बँड, उमटतो. बँड आला नाही की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो. नवी मागवली जाते, हजारो रुपये जातात, महिनाभर वाट पाहिली जाते आणि नव्या अँटिबॉडीनेही मेम्ब्रेन कोरीच राहते. कारण बिघाड तिथे नसतोच. बहुतेक वेळा तो नमुना कापल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत होऊन गेलेला असतो, नाहीतर ओल धरलेल्या एखाद्या बाटलीत दडलेला असतो.

छापील प्रोटोकॉल थंड, कोरड्या खोलीचा हिशेब धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद असला की टेबलावर ३१-३२ अंश सहज होतात, आणि जून ते सप्टेंबर भांड्यांवर, बाटल्यांवर, पावडरींत ओल शिरते. मधूनच वीज जाते. म्हणून ही टिपणं आपल्या हवेत काम करणाऱ्यांसाठी आहेत: ताळगाव, दोना पावला, बांबोळी, झुआरीनगर, कुठेही असा. उदाहरण घेतलंय शिनाण्यांचं, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या हिरव्या शिंपल्यांचं, आणि प्रथिन एचएसपी७०, जे उष्णता आणि प्रदूषणाच्या ताणाखाली पेशीत वाढतं. उंदराचं यकृत किंवा वाढवलेल्या पेशी असल्या तरी पायऱ्या याच.

बाजारातला नमुना हा कंट्रोल नव्हे

पणजीच्या किंवा मडगावच्या मासळी बाजारातून शिनाणे आणून ते ‘ताण नसलेले’ म्हणून, म्हणजे तुलनेचा कंट्रोल म्हणून, वापरू नका. ते कित्येक तास पाण्याबाहेर, उन्हात, पाटीत राहिलेले असतात. एचएसपी७० वाढायला एवढं पुरतं. कंट्रोलमध्येच जाड बँड दिसला तर अँटिबॉडी खोटी नाही, तुमचा कंट्रोल तापलेला आहे. खाडीतून थेट घ्या, त्याच पाण्यात घेऊन या, टाकीत हवा सोडून काही दिवस स्थिरावू द्या आणि मगच प्रयोगाला लावा. गोळा करताना भरती होती की ओहोटी, हेही वहीत लिहा. ओहोटीत उघडा पडलेला शिंपला आणि पाण्याखालचा शिंपला एकसारखे नसतात.

कापण्याआधी सगळं तयार हवं: बर्फावर ठेवलेली धातूची ताटली, कात्री-चिमटा, वजन करून नाव घातलेल्या नळ्या, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण). शिंपा उघडल्यापासून कल्ला नळीत जाईपर्यंत दोन मिनिटांहून जास्त लागू नयेत. कल्ला थंड बफरमध्ये एकदाच बुचकळा आणि टिश्यूपेपरवर टिपून घ्या. ही टिपण्याची पायरी अनेकजण गाळतात. शिंपल्यात राहिलेलं खारं पाणी नमुन्यात गेलं की मिठामुळे जेलमध्ये ती लेन, म्हणजे त्या नमुन्याची रांग, आक्रसते, शेजारची फुगते आणि बँड डंबेलसारखे वाकडे होतात.

पचनग्रंथी शक्यतो टाळा. अन्न पचवणारी एंझाइमं तिथे भरलेली असतात आणि ती तुमचं प्रथिनही तितक्याच झपाट्याने पचवतात. अभ्यासच तिचा असेल तर ती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, गोठलेली असतानाच कुटायला हवी, दुसरा मार्ग नाही. शिंपा मिटणाऱ्या स्नायूचं दुखणं वेगळं: त्यात पॅरामायोसिन इतकं असतं की १०० केडीएच्या (किलोडाल्टन, प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास एक धिप्पाड पट्टा दिसतो. तो बघून घाबरू नका, पण तुमचं प्रथिन त्याच उंचीवर असेल तर स्नायूऐवजी कल्ला घ्या.

शेतावर किंवा खाडीवर द्रव नायट्रोजन नसेल तर कुटलेल्या बर्फात मीठ मिसळा, साधारण तीन भाग बर्फाला एक भाग मीठ. तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास निभावतो. मात्र ही झटपट गोठवणी नव्हे. पोचताच नमुना −८० ला टाका, आणि नळीची झाकणं पॅराफिल्मने बांधून ठेवा, नाहीतर खारं पाणी आत झिरपतं.

बफर, आणि ट्रिसची खोड

ऊतक फोडून प्रथिनं बाहेर काढणाऱ्या रिपा बफरच्या १०० मिलीसाठी: १ मोलर ट्रिस (पीएच ८.०) ५ मिली, ५ मोलर सोडियम क्लोराइड ३ मिली, १० टक्के एनपी-४० १० मिली, १० टक्के सोडियम डिऑक्सीकोलेट ५ मिली, १० टक्के एसडीएस १ मिली (शेवटची तिन्ही डिटर्जंट), बाकी पाणी. म्हणजे शेवटी ५० मिलीमोलर ट्रिस, १५० मिलीमोलर मीठ, एक टक्का एनपी-४०, अर्धा टक्का डिऑक्सीकोलेट आणि ०.१ टक्का एसडीएस. पीएच ७.५ च्या खाली उतरू देऊ नका, डिऑक्सीकोलेट साका धरू लागतं. आणि एसडीएस असलेल्या कशातही पोटॅशियमचे क्षार घालू नका, लगेच पांढरा गाळ बसतो.

ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर हलतो: दर अंशाला सुमारे ०.०२८, आणि तोही उलट दिशेने. ३१ अंशांच्या खोलीत ८.० लावलेला बफर ४ अंशांवर जवळपास ८.७५ होतो. एसी चालू असताना बनवलेली बाटली आणि एसी बंद असताना बनवलेली बाटली लेबलावर सारखी दिसते, आतून वेगळी असते. बफर २५ अंशांवर आणून मगच मीटर बुडवा आणि लेबलावर तापमानही लिहा.

प्रोटीएझ इनहिबिटर, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एंझाइमांना अडवणारे पदार्थ, आयत्या वेळी घालायचे. त्यांतलं पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. २५ अंशांवर पीएच ८ ला त्याचं अर्धं बळ साधारण ३५ मिनिटांत जातं, पीएच ७.५ ला ५५ मिनिटांत. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरलेलं पीएमएसएफ म्हणजे नुसतं नावापुरतं. आयसोप्रोपेनॉलमध्ये १०० मिलीमोलर साठा ठेवा (मिलीला १७.४ मिग्रॅ), तो −२० ला टाका, आणि ऊतक कुटण्याच्या क्षणी १ मिली बफरला १० मायक्रोलिटर घाला. हातमोजे घालूनच, ते विषारी आहे. पीएमएसएफ मुख्यतः सेरीन प्रोटीएझना अडवतं, म्हणून सोबत ल्युपेप्टिन, पेप्स्टॅटिन आणि ईडीटीए लागतात. तयार गोळ्या वापरल्या तरी चालतं, पण गोळी विरघळल्यावर बफर त्याच दिवशी संपवा.

फॉस्फो-प्रथिन (फॉस्फेट जोडलेलं प्रथिन) बघायचं असेल तर सोडियम फ्लोराइड आणि १ मिलीमोलर ऑर्थोव्हॅनाडेट हवं. ऑर्थोव्हॅनाडेट नुसतं विरघळवून काम करत नाही. पीएच १० लावा, द्रावण पिवळं होईल, उकळून रंगहीन करा, गार करा, पुन्हा पीएच बघा, पिवळं होणं थांबेपर्यंत हेच करा. पिवळ्या साठ्याने फॉस्फेट तोडणारी एंझाइमं, म्हणजे फॉस्फेटेझ, अडत नाहीत. आणि ईडीटीए किंवा डीटीटी सोबत असलं तर व्हॅनाडेट निकामी होतं, त्यामुळे अशा बफरमधून ईडीटीए वगळा.

५० मिग्रॅ ऊतकाला ५०० मायक्रोलिटर बफर. बर्फावरच घोटा, मोटरचा होमोजेनायझर असेल तर दहा सेकंद चालवा, वीस सेकंद थांबा. अर्धा तास बर्फावर ठेवा, अधूनमधून हलवा, मग ४ अंशांवर १२,००० जी ने १५ मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वरचा निवळ घ्या, पण पृष्ठभागावर चरबीची साय असेल तर पिपेटचं टोक तिच्याखालून घाला. पिपेटमधून द्राव तारेसारखा ओढला जात असेल तर त्यात डीएनए आहे, शिंपल्यात बऱ्याचदा श्लेष्माही असतो. २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढा किंवा सोनिकेटरचे छोटे झटके द्या. तसंच जेलवर घातलंत तर नमुना खळग्यात बसत नाही, दोरीसारखा वर येतो.

मीठ जास्त वाटलं तर नमुन्याच्या चौपट −२० अंशांचं अ‍ॅसिटोन घाला, तासभर गोठवणीत ठेवा, १३,००० जी ने १० मिनिटं फिरवा. तळाशी बसलेली प्रथिनाची गोळी पूर्ण कोरडी करू नका, ती मग विरघळत नाही. कडा किंचित ओल्या असतानाच नवा बफर घाला.

प्रथिनाचं प्रमाण मोजायला बीसीए की ब्रॅडफर्ड (दोन्ही रंगावरून मोजायच्या पद्धती), हा वाद मोठा नाही. बफरमध्ये डिटर्जंट असेल तर बीसीए, डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल असेल तर ब्रॅडफर्ड. रिपासाठी बीसीएच. बीएसएचा (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनचा) ० ते २ मिग्रॅ/मिली चढता साठा पाण्यात नव्हे, त्याच रिपात करा. ३७ अंशांवर ३० मिनिटं, ५६२ नॅनोमीटरवर वाचन. बीएसएच्या वाचनांतून निघालेल्या वक्राच्या बाहेर गेलेला नमुना गुणून काढू नका, पातळ करून पुन्हा मोजा.

बाटलीला फुटणारा घाम

−२० मधून काढलेली बाटली जुलैत टेबलावर ठेवा आणि बघा: अर्ध्या मिनिटात काचेवर धुकं, मग थेंब, मग थेंबांच्या रेघा. त्याच क्षणी झाकण उघडलंत तर तोच घाम आतल्या पावडरीवर बसतो. पीएमएसएफ, डीटीटी, इनहिबिटरच्या गोळ्या सगळं असंच मरतं. बाटली हवाबंद पिशवीत, सिलिका जेलसोबत ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच, म्हणजे वीस-तीस मिनिटांनी, उघडा.

सर्वांत जास्त फसवतं ते जेल घट्ट करणारं एपीएस. पावडर पांढरी, मोकळी दिसते, पण ओल खाऊन निकामी झालेली असते. ताज्या एपीएसवर पाणी घातलं की हलका तडतड आवाज येतो. नळी कानाजवळ धरून ऐका. आवाज नाही तर ती बाटली बदला. १० टक्के द्रावण १०० मायक्रोलिटरच्या वाटण्या करून −२० ला ठेवा. चवथीच्या सुट्टीआधी फ्रिजमध्ये ठेवलेलं द्रावण सुट्टीनंतर वापरलं आणि जेल धरलं नाही, तर त्याच्या जोडीचं टेमेड वाढवत बसू नका, एपीएस नवं करा.

१० मिली, १० टक्के जेलसाठी: पाणी ४.० मिली, ३० टक्के अ‍ॅक्रिलामाइड ३.३, १.५ मोलर ट्रिस (पीएच ८.८) २.५, १० टक्के एसडीएस ०.१, १० टक्के एपीएस ०.१, टेमेड ४ मायक्रोलिटर. वरचा स्टॅकिंग थर ५ मिली: पाणी ३.४, अ‍ॅक्रिलामाइड ०.८३, १ मोलर ट्रिस (पीएच ६.८) ०.६३, एसडीएस आणि एपीएस प्रत्येकी ०.०५, टेमेड ५ मायक्रोलिटर. एचएसपी७० ला १० टक्के उत्तम. १५-२० केडीएचं प्रथिन असेल तर १५ टक्के. न धरलेलं अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असतं, हातमोज्यांशिवाय स्पर्श नको. उन्हाळ्यात मिश्रण ओतेओतेपर्यंत घट्ट होऊ लागतं आणि जेल लहरी बनतं. अशा दिवशी ट्रिस आणि पाणी आधी फ्रिजमध्ये गार करून घ्या, टेमेड अगदी शेवटी.

लेनचा हिशेब एकदा नीट मांडला की रोजचा गोंधळ जातो. नमुना ३ मायक्रोग्रॅम/मायक्रोलिटर असेल आणि लेनमध्ये ३० मायक्रोग्रॅम हवं असेल तर नमुना १० मायक्रोलिटर, चौपट तीव्रतेचा लॅमली बफर (नमुना जेलवर घालण्याआधी मिसळायचा) ५, पाणी ५, एकूण २०. सगळ्या लेनांत घनफळ सारखंच ठेवा, रिकाम्या लेनमध्येही नुसता बफर घाला. ९५ अंशांवर ५ मिनिटं. पेशीच्या पटलातून अनेकदा आरपार गेलेलं प्रथिन असेल तर उकळू नका, ते गठ्ठा बनून खळग्यातच अडकतं. ३७ अंशांवर अर्धा तास द्या.

रनिंग बफर लिटरला ट्रिस ३.०३ ग्रॅम, ग्लायसिन १४.४ ग्रॅम, एसडीएस १ ग्रॅम. पीएच आपोआप ८.३ च्या आसपास येतो. आम्ल घालून पीएच लावायचा नाही, क्लोराइड वाढतं आणि जेल तापतं. स्टॅकिंगमध्ये ८० व्होल्ट, पुढे १२०. बँड मधे पुढे आणि कडेला मागे राहून हसल्यासारखे वळले तर जेल तापलंय, व्होल्टेज उतरवा किंवा टाकी बर्फात बसवा.

वीज गेली तर? जेल चालू असताना पाच-दहा मिनिटं गेली तर बिघडत नाही. त्याहून जास्त वेळ गेला तर बँड पसरू लागतात. टाकी तशीच बर्फात सरकवा. शक्य असेल तर पॉवर पॅक यूपीएसवरच ठेवा, त्याला लागणारी वीज थोडी असते. ट्रान्सफर (जेलमधली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवणं) चालू असताना गेली तर मेम्ब्रेनवर चिकटलेलं प्रथिन तिथेच राहतं. किती मिनिटं झाली होती ते लिहून ठेवा आणि उरलेली वेळ पुढे चालवा.

ट्रान्सफर

हॅरी टोबिन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेला बफरच आजही चालतो: २५ मिलीमोलर ट्रिस, १९२ मिलीमोलर ग्लायसिन, २० टक्के मिथेनॉल. ‘वेस्टर्न’ हे नाव १९८१ मध्ये नील बर्नेट यांनी दिलं, एडविन सदर्न यांच्या डीएनए ब्लॉटच्या नावावरून. क्रम ऋण बाजूकडून: स्पंज, कागद, जेल, मेम्ब्रेन, कागद, स्पंज, मग धन बाजू. जेल आणि मेम्ब्रेन उलटे लागले तर प्रथिनं बफरमध्ये वाहून जातात आणि तो दिवस गेलाच. पीव्हीडीएफची मेम्ब्रेन आधी शुद्ध मिथेनॉलमध्ये ३० सेकंद भिजवायची. कोरडी राहिलेली जागा पांढरी दिसते, ती पुन्हा मिथेनॉलमध्ये घाला. नायट्रोसेल्युलोजच्या मेम्ब्रेनला मिथेनॉलचा असा बुडवा द्यायचा नाही, थेट बफरमध्ये. प्रत्येक थरावर काचेची नळी फिरवून बुडबुडे काढा. बुडबुडा असेल तिथे ब्लॉटवर स्वच्छ गोल पांढरा डाग पडतो.

१०० व्होल्टला एक तास, टाकीत बर्फाचा ठोकळा, आणि अर्ध्या तासाने तो बदलायचा. आपल्या खोलीत एक ठोकळा तासभर पुरत नाही. रात्रभर ठेवायचं तर ३० व्होल्ट, थंड खोलीत. १५० केडीएहून मोठ्या प्रथिनाला मिथेनॉल १० टक्क्यांवर आणा, २० केडीएहून छोट्याला ०.२ मायक्रॉनची मेम्ब्रेन घ्या.

यानंतर पोन्सो एस, म्हणजे प्रथिनं लाल दाखवणारा रंग, प्रत्येक वेळी, न चुकता. पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्लात ०.१ टक्का, पाच मिनिटं, मग पाण्याने धुवा आणि फोटो काढा. या एका फोटोतून ट्रान्सफर झालं का, बुडबुडे कुठे होते, लेन सारख्या भरल्या का, नमुना कुजून त्याचे तुकडे झालेत का, हे सगळं अँटिबॉडी उघडण्याआधी कळतं. वरचे पट्टे पुसट आणि तळाशी लाल धूर दिसला तर प्रथिनं कुजलेली आहेत. अँटिबॉडी वाया घालवू नका, नमुन्यापासून सुरुवात करा. शिंपल्यांच्या बाबतीत तर हाच फोटो लोडिंग कंट्रोल (लेनमध्ये प्रथिन सारखं भरल्याचा पुरावा) म्हणून वापरा, असं आमचं ठाम मत आहे. कल्ला आणि स्नायू यांत अ‍ॅक्टिनचं प्रमाण मुळातच वेगळं असतं, त्यामुळे अ‍ॅक्टिनवर भागून काढलेला आकडा दिशाभूल करतो.

अँटिबॉडी

शिंपल्यासाठी म्हणून अँटिबॉडी बाजारात सहसा मिळत नाही. माणसाच्या किंवा उंदराच्या प्रथिनाविरुद्धची घ्यावी लागते. मागवण्याआधी माहितीपत्रकातला एपिटोप, म्हणजे अँटिबॉडी चिकटते ती जागा, बघा आणि त्या जागेचा अमिनो आम्लांचा क्रम शिंपल्याच्या क्रमाशी जुळवून पाहा. एचएसपी७० आणि अ‍ॅक्टिन उत्क्रांतीत फारसे बदललेले नाहीत, म्हणून बहुधा निभावतं. बाकीच्यांचं गृहीत धरू नका. पहिल्या ब्लॉटवर हेला पेशींचा (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी) लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा द्राव, लेनमध्ये असलाच पाहिजे. तिथे बँड आला आणि शिंपल्यात नाही, तर अँटिबॉडी ठीक आहे, ती तुमच्या प्राण्याला ओळखत नाही.

आल्याआल्या नळी क्षणभर फिरवा, झाकणात थेंब अडकलेला असतो. १० मायक्रोलिटरच्या वाटण्या करून −२० ला. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज नको, तो रोज तापतो-थंडावतो. एचआरपी (उजेड पाडणारं एंझाइम) जोडलेली सेकंडरी, म्हणजे प्रथिनाला चिकटलेल्या पहिल्या (प्रायमरी) अँटिबॉडीला पकडणारी दुसरी अँटिबॉडी, गोठवायची नाही, ४ अंशांवर, आणि तिच्या जवळपासही सोडियम अ‍ॅझाइड नको, एचआरपी मरतं.

ब्लॉकिंगला, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या मोकळ्या जागा झाकायला, टीबीएसटीमध्ये (२० मिलीमोलर ट्रिस पीएच ७.६, १५० मिलीमोलर मीठ, ०.१ टक्का ट्वीन-२०) ५ टक्के स्किम्ड दूध पावडर, एक तास. किराणा दुकानातला डेअरी व्हाइटनर म्हणजे स्किम्ड दूध नव्हे. त्यात साखर आणि चरबी असते. पाकिटावरची माहिती वाचा. दूध गाळून घ्या, न विरघळलेले कण काळे ठिपके बनून उमटतात. दूध रोज ताजं. आपल्या हवेत टेबलावर राहिलेलं दूध संध्याकाळपर्यंत नासतं, आणि नासलेल्या दुधाने मेम्ब्रेन करडी होते. फॉस्फो-अँटिबॉडीला दूध नको, केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. ५ टक्के बीएसए घ्या. बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरणार असाल तरीही दूध नको.

प्रायमरी १:१००० म्हणजे ५ मिलीत ५ मायक्रोलिटर, ४ अंशांवर रात्रभर, हलत्या मंचावर. टीबीएसटीने १० मिनिटांची तीन धुणी. सेकंडरी १:५००० ते १:१००००, तासभर, पुन्हा तीन धुणी. प्रायमरी सशाची असेल तर सेकंडरी सशाविरुद्धची. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण कोऱ्या ब्लॉटच्या कारणांत हे वरच्या क्रमांकावर आहे. उंदराच्या ऊतकावर उंदराचीच प्रायमरी वापरली तर ५० आणि २५ केडीएला जे पट्टे दिसतात ते ऊतकातल्या अँटिबॉडीच्या साखळ्यांचे असतात. इम्युनोप्रेसिपिटेशननंतरही (अँटिबॉडीने प्रथिन ओढून काढल्यावर) तेच. तुमचं प्रथिन ५० च्या आसपास असेल तर दुसऱ्या प्राण्याची प्रायमरी शोधा.

ईसीएल, म्हणजे एचआरपीसोबत उजेड देणारं द्रावण, घालून एक मिनिट थांबा आणि १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटं असे फोटो घ्या. बँडच्या मध्यभागी पांढरी पोकळी आणि कडेला काळी रेघ दिसली तर संकेत कमी नाही, अतोनात आहे. एचआरपीने तिथलं द्रावण आधीच जाळून टाकलंय. नीट पाहिलंत तर मेम्ब्रेनवर त्या जागी तपकिरी रेघही दिसते. सेकंडरी चार-पाचपट पातळ करा. आकडे काढायचे असतील तर ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅमच्या लेन एकदा लावून बघा, बँड कुठपर्यंत सरळ प्रमाणात वाढतो ते कळतं. त्या मर्यादेबाहेरच्या बँडवरून आलेख काढू नका.

पोन्सो उत्तम, तरी ब्लॉट पूर्ण कोरा? मेम्ब्रेनचा छोटा तुकडा घ्या, त्यावर १:१००० केलेल्या सेकंडरीचा १ मायक्रोलिटर थेंब ठेवा, वाळू द्या, ईसीएल घाला. ठिपका उजळला तर सेकंडरी आणि ईसीएल जिवंत आहेत, शोध प्रायमरीकडे न्या. उजळला नाही तर नळीत १ मिली ईसीएल घ्या, पूर्ण काळोखी खोलीत जा, डोळे दोन मिनिटं सरावू द्या आणि न पातळ केलेल्या सेकंडरीचा १ मायक्रोलिटर सोडा. निळा उजेड दिसला तर सेकंडरी पातळ करताना चूक झालीय. नाही दिसला, तर नवी ईसीएल उघडून हेच पुन्हा करा.